पुणतांब्याचे घर आणि त्याची हवा

घराला उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब देणारे यंत्र विकत घेण्यापूर्वी ते कोणत्या हवेत चालवावयाचे आहे याचा विचार करावा, हे वास्तविक सांगण्याचेही कारण पडू नये. परंतु मुंबईच्या दमट किनाऱ्यावर राहणाऱ्या कुटुंबाला जे यंत्र सोयीचे, तेच गोदावरीच्या काठी, राहाता तालुक्यात वसलेल्या पुणतांब्यातील कुटुंबालाही सोयीचे असलेच पाहिजे, अशी समजूत दुकानातील मांडणीमुळे आणि जाहिरातींमुळे इतकी दृढ झाली आहे, की एखादा गृहस्थ ऐन वैशाखात कर्ज काढून वातानुकूलन यंत्र आणतो, ते तापलेल्या स्लॅबखालच्या खोलीत बसवितो, आणि पहिले वीजबिल हाती पडल्यावर आपण खरेदी केली ती गारव्याची की केवळ खर्चाची, या विवंचनेत पडतो. या प्रकरणाचा विषय हाच आहे. पुणतांब्याच्या हवेत घराची व्यवस्था कशी लावावी हे येथे पाहावयाचे आहे, आणि माझे मत आरंभीच सांगतो, की येथे प्रथम छपराची निवड करावी, मग ऋतूची ओळख करून घ्यावी, आणि यंत्राची पाळी सर्वांत शेवटी यावी.

पुणतांबा म्हटले की चांगदेव महाराजांची समाधी, गोदावरीचे घाट आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरील स्थानक एवढ्या गोष्टी महाराष्ट्रातील बहुतेकांना आठवतात. गावाच्या हवेचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत हा प्रदेश पडतो. पाऊस बेताचा, आणि समुद्र दूर असल्याने उन्हाळ्याची हवा अत्यंत कोरडी. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान चाळीस अंशांच्या घरात जाते आणि कधी ते ओलांडतेही. परंतु त्याच दिवशी पहाटे ते सुमारे पंधरा अंशांनी खाली उतरलेले असते, कारण कोरड्या आणि निरभ्र आकाशाखाली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने सोडून देते. हिवाळ्यात पहाटेचा पारा दहा-बारा अंशांवर येतो, आणि उत्तरेकडून थंडीची लाट आली म्हणजे त्याहूनही खाली जातो. तरी दुपारी ऊन स्वच्छ आणि सुखद असते. दिवस आणि रात्र यांच्यातील हे मोठे अंतर आणि उन्हाळी हवेचा हा कोरडेपणा, या दोन गोष्टी पुणतांबेकराला निसर्गाने दिलेले भांडवल होत. मुंबईला यांपैकी एकही लाभलेले नाही. ज्याने हे भांडवल ओळखले, त्याचे निम्मे काम यंत्राविना पार पडते.

आता उष्णता घरात येते कोठून, हे पाहू. पुणतांबा पावणेवीस उत्तर अक्षांशाच्या जवळ आहे. त्यामुळे मे महिन्याच्या अठरा-एकोणीस तारखेच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायथ्याशी लोपते. याचा अर्थ असा, की ऐन उन्हाळ्यात सूर्याचा मारा भिंतींपेक्षा छपरावर कितीतरी अधिक होतो. दक्षिणेची भिंत त्या दिवसांत जवळजवळ सुरक्षित असते. पश्चिमेची मात्र दुपारी तीननंतर तिरप्या उन्हात भाजून निघते. उलट डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून अवघ्या सत्तेचाळीस अंशांवर असतो, आणि दक्षिणेच्या खिडकीवर बेताचा छज्जा असला तर तो उन्हाळ्यातील ऊन अडवून हिवाळ्यातील ऊन थेट खोलीच्या जमिनीपर्यंत आत घेतो. असा छज्जा एकदा बांधला की वर्षानुवर्षे तो गारवा आणि ऊब दोन्हींची तजवीज करतो, त्याला वीज लागत नाही आणि दुरुस्तीचा तगादाही लागत नाही. तथापि घराचा आराखडा काढताना त्यावर जेवढा विचार व्हावा त्याच्या दशांशही होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गोदाकाठच्या जुन्या कारागिरांना अंशांचे गणित ठाऊक नसेल, पण उष्णतेची चाल त्यांना पक्की ठाऊक होती. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जुनी घरे धाब्याची. दगडमातीच्या दोन-दोन हात जाडीच्या भिंती, त्यांवर तुळया, तुळयांवर किलच्या आणि फळ्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर चोपून बसविलेला. आत चौक, चौकाभोवती ओसरी, ओसरीच्या मागे माजघर. एवढ्या जाड मातीतून दुपारची उष्णता आतल्या अंगास पोहोचावयास दहा-बारा तास लागतात. दुपारी दोन वाजता अंगणात पाय ठेववत नसे, तेव्हा माजघरात मात्र पहाटेचा साठविलेला गारवा टिकून असे. आणि भिंतींत शिरलेली उष्णता रात्री आत उतरू लागे, तोवर घरची मंडळी अंथरुणे घेऊन धाब्यावर निजावयास गेलेली असत. रात्री दारे आणि छपरातील सवणे उघडी टाकावीत म्हणजे घर पहाटेपर्यंत निवते, सकाळी ऊन चढण्यापूर्वी ती बंद करावीत म्हणजे तो गारवा आत कोंडला जातो. हा नित्याचा परिपाठ घराच्या बांधणीइतकाच महत्त्वाचा होता. घर आणि घरात राहण्याची रीत, दोन्ही मिळून ती एक व्यवस्था होती.

अर्थात धाब्याच्या घरांचे गोडवे गाण्यात मला अतिशयोक्ती करावयाची नाही. ती अंधारी असत. दर पावसाळ्यापूर्वी माती चोपावी लागे, नाहीतर गळतीचा त्रास. लाकडाला वाळवी लागे. चुलीचा धूर बायकांच्या डोळ्यांना आणि छातीला जन्मभर पुरे. आज कोणी नव्याने तसे घर बांधणार नाही, आणि बांधा असे मी म्हणतही नाही. परंतु ज्यांच्याकडे गावठाणात असा वाडा अद्याप उभा आहे त्यांनी केवळ गारव्यासाठी तो पाडून स्लॅब टाकणे, याइतका तोट्याचा व्यवहार दुसरा नाही. पाच-सहा इंच जाडीचा उघडा स्लॅब उष्णता थोड्या तासांतच आत पोहोचवितो. दुपारी तापलेले छत सायंकाळी ऐन रंगात येते, आणि दिवे मालवून मंडळी अंथरुणावर पडतात तेव्हा ते एखाद्या निखाऱ्यांनी भरलेल्या परातीसारखे वरून झळा सोडीत असते. मळ्यातील वस्तीवरचे पत्र्याचे घर याच्या अगदी उलट. पत्रा सूर्य उगवताच तापतो आणि मावळताच निवतो, म्हणून ते घर रात्री सुसह्य असते, पण दुपारी त्याखाली तान्हे मूल किंवा वृद्ध माणूस ठेवणे धोक्याचे आहे.

म्हणून स्लॅबचे घर असेल तर पहिला खर्च छपरावर करावा. सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी गच्चीवर चुन्याचे दोन-तीन दाट हात दिले असता पांढरा पृष्ठभाग बहुतेक ऊन परतवून लावतो आणि खालच्या छताचे तापमान हाताला जाणवेल इतके उतरते. पावसाने चुना धुऊन जातो, तो पुढील वर्षी पुन्हा द्यावा. अधिक ऐपत असेल त्याने गच्चीवर पांढऱ्या चिनीमातीच्या फरशीचे तुकडे बसवावेत, किंवा स्लॅबवर उष्णतारोधक थर घालून त्यावर पांढरी फरशी करावी. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ प्रसिद्ध केली. तीत छपरातून दर चौरस मीटरला, आतबाहेरच्या तापमानातील दर अंशाच्या फरकामागे, १.२ वॉटपेक्षा अधिक उष्णता येऊ नये अशी मर्यादा घातली आहे. उघड्या स्लॅबमधून याच्या अडीचपट किंवा त्याहूनही अधिक उष्णता आत येते. पत्र्याच्या घराला आतून छत मारावे आणि पत्रा व छत यांच्यामध्ये वारा खेळता ठेवावा. वर उसाचे पाचट किंवा ज्वारीचा कडबा पसरण्याची वस्तीवरची जुनी चालही उपयोगाची आहे, मात्र चुलीची ठिणगी आणि विजेच्या तारा यांपासून ते दूर असले पाहिजे. पश्चिमेच्या भिंतीपुढे कडुनिंब लावावा. त्याला वाढावयास वर्षे लागतात, म्हणून तो घराचा पाया खणण्याच्या दिवशीच लावावा.

इतके झाल्यावर यंत्राचा प्रश्न येतो. आणि पुणतांब्याच्या उन्हाळ्यापुरते बोलावयाचे तर तो प्रश्न पाण्याने फार पूर्वीच सोडविलेला आहे. या जिल्ह्यातच त्याचे भव्य उदाहरण उभे आहे. नगर शहराच्या सीमेवरील फराहबाग हा निजामशाहीतील महाल १५८३ साली पूर्ण झाला. अष्टकोनी, उंच मध्यदालनाची ती दगडी वास्तू एका विस्तीर्ण तलावाच्या मधोमध उभारलेली होती, म्हणजे कोणत्याही दिशेचा कोरडा वारा पाण्यावरून येऊनच आत शिरावा. सामान्यांच्या घरी तलाव कोठून असणार? पण दारा-खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे लावण्याची चाल सधन घरांतून आणि सरकारी कचेऱ्यांतून होती, आणि तत्त्व तेच होते. पाण्याची वाफ होताना त्याला उष्णता लागते आणि ती ते भोवतालच्या हवेतून काढून घेते. एक लिटर पाणी आटताना सुमारे २,४०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबाने दोन-तृतीयांश युनिट इतकी उष्णता शोषली जाते. आजचा कूलर म्हणजे पंखा आणि पंप जोडलेला हाच ओला पडदा होय.

चाळीस अंशांच्या हवेत सापेक्ष आर्द्रता वीस टक्के असेल तर ती हवा ओलाव्याने अधिकात अधिक सुमारे तेवीस अंशांपर्यंत उतरू शकते. चांगल्या कूलरची जाळी यातील तीन-चतुर्थांश मजल मारते, म्हणजे खोलीत येणारा झोत सत्तावीस अंशांचा असतो. तेरा अंशांचा हा उतार पाडण्यासाठी कूलर दीडशे-दोनशे वॉट वीज घेतो. तेवढीच खोली वातानुकूलन यंत्राने गार करावयास त्याच्या कितीतरी पट वीज खर्ची पडते. मार्चपासून वळवाच्या सरी येईपर्यंत पुणतांब्यात कूलर हेच योग्य यंत्र आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नाही.

परंतु तो लावावा मात्र रीतसर. कूलर खोलीच्या आत ठेवून दारे-खिडक्या लावून घेणे ही अत्यंत प्रचलित चूक आहे. तीच ओली हवा फिरून फिरून जाळीत जाते, अर्ध्या तासात तिची पाणी शोषण्याची शक्ती संपते, आणि मग अंग चिकट होऊन कूलरच निरुपयोगी असा बोल लागतो. कूलर खिडकीबाहेर, सावलीत, शक्यतो उत्तरेस किंवा पूर्वेस बसवावा, आणि समोरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवावी. जितकी हवा आत येते तितकी बाहेर गेलीच पाहिजे. दुसरी गोष्ट पाण्याची. भर दुपारी मोठा कूलर तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज पितो, तेव्हा ज्या उन्हाळ्यात नळाला पाण्याची ओढ असेल त्या उन्हाळ्यात हा विचार अगोदर करावा लागतो. शिवाय गोदावरीच्या कालव्यांखालील या उसाच्या टापूत विहिरी-बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी क्षारयुक्त असते. पाणी आटते, क्षार मागे राहतात, आणि एका हंगामात जाळीवर पांढरी खडी जमून वाट बंद होते. यासाठी टाकीतील पाणी दर तीन-चार दिवसांनी पूर्ण ओतून टाकावे. आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी करावी, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. तिसरी गोष्ट जिवाची. पत्र्याच्या कूलरमध्ये वीज उतरून दर उन्हाळ्यात महाराष्ट्रात माणसे, विशेषतः लहान मुले, दगावतात. घराला खरी अर्थिंग आहे की केवळ तीन छिद्रांचे सॉकेट आहे, हे जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे, गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे बटण बसवावे, आणि प्लग काढल्यावाचून पाणी भरू नये. या खर्चात काटकसर करणे मला अक्षम्य वाटते.

जूनच्या मध्यानंतर सारे चित्र पालटते. तीस अंश तापमान आणि सत्तर टक्के आर्द्रता असेल तेव्हा हाच कूलर हवा जेमतेम तीन-साडेतीन अंशांनी उतरवू शकतो आणि त्या बदल्यात खोलीत दमटपणा ओततो. तेव्हा तो बंद करून झाकून ठेवावा. पावसाळ्यातील उकाड्याला या गावी बहुधा पंखा पुरतो. पंख्याच्या वाऱ्याने घाम वाळतो आणि शरीराला दोन-तीन अंशांचा उतार जाणवतो. जुन्या घाटणीचा छताचा पंखा पाऊणशे वॉटच्या आसपास वीज घेतो, तर ‘बीएलडीसी’ मोटारीचा नवा पंखा तीस वॉटच्या आसपास. जे घर पंख्यावरच वर्षातील आठ महिने काढते त्याने पहिली बदली येथेच करावी.

मग वातानुकूलन यंत्राची आवश्यकता कोणाला? ज्या घरी हृदयविकाराचा किंवा दम्याचा रुग्ण आहे, अतिवृद्ध माणूस आहे, ज्याला धूळ आणि ओलावा दोन्ही वर्ज्य आहेत, किंवा ज्याची एकच खोली असून तिला वाऱ्याची दुसरी बाजूच नाही, त्याने ते खुशाल घ्यावे. त्यात चैनीचा ठपका ठेवण्याचे कारण नाही. या यंत्राचा जन्मच मुळी ओलाव्याशी झुंजताना झाला. १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगून रंगांची जुळणी बिघडत होती, तिच्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने थंड नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातील पाणी काढण्याची योजना आखली. म्हणून कूलर आणि वातानुकूलन यंत्र एकाच खोलीत एकाच वेळी चालविणे हा निव्वळ अपव्यय होय. एक पाणी घालतो आणि दुसरे तेच पाणी वीज खर्चून बाहेर काढीत बसते.

यंत्राचे माप ‘टना’त सांगतात, ते त्याच्या वजनाचे नव्हे. एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषील, तितकी उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती म्हणजे एक टन. आजच्या परिमाणात साडेतीन किलोवॉट. वर दुसरा मजला असलेल्या शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीला एक टन पुरतो. तीच खोली उघड्या स्लॅबखाली आणि पश्चिमेला असली तर दीड टनाचे यंत्रही धापा टाकते. गच्चीला चुना देऊन दीडाऐवजी एका टनावर भागले, तर किंमतीतील वाचलेल्या पैशांत अनेक वर्षांचा चुना येतो. धाब्याच्या वाड्यात, जेथे फळ्यांच्या फटींतून आणि सवण्यातून हवा वाहते, तेथे हे यंत्र बसवू नये. तेथे गार केलेली हवा खोलीत राहणारच नाही.

खरेदीच्या वेळी तारांकित पट्टी पाहावी. पण ताऱ्यांबरोबर पट्टीवरील वर्षही पाहावे, कारण निकष अधूनमधून कडक केले जातात आणि जुन्या वर्षाचे पाच तारे नव्या हिशेबात कमी भरतात. २०२० पासून ही यंत्रे सुरू होताच चोवीस अंशांवर लागतात, ती व्यवस्था मोडू नये. एकेक अंश वर नेल्याने सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा दक्षता ब्यूरोचे सांगणे आहे, आणि पंखा मंद चालू ठेवला तर सव्वीस अंशही पुष्कळ होतात. शीतक वायूचीही चौकशी करावी. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा ओझोनच्या थराचा शत्रू म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये टप्प्याटप्प्याने बाद होत आला आहे. हल्लीचा आर-३२ ओझोनला अपाय करीत नाही, तथापि वातावरण तापविण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट आहे, तर आर-२९० ची, म्हणजे शुद्ध प्रोपेनची, अगदी नगण्य. दोन्ही कमीअधिक ज्वालाग्राही असल्याने गॅस भरण्याचे काम शिकलेल्या कारागिराकडूनच करवावे. विजेचा दाब वरखाली होणाऱ्या भागात यंत्र किती दाबापर्यंत सुरक्षित चालते हे विचारावे, आणि मर्यादा अपुरी वाटली तर स्टॅबिलायझर घ्यावा. उसाच्या हंगामात रस्त्यांवरून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर अखंड चालतात, त्यांची धूळ जाळीत बसते. ती पंधरवड्याला धुवावी.

ऊब देण्याचा प्रश्न पुणतांब्यात त्या मानाने लहान आहे. गारठा जाणवतो तो डिसेंबर-जानेवारीत, आणि तोही पहाटे. दक्षिणेची खिडकी दिवसा उघडी आणि सूर्यास्तापूर्वी बंद ठेवली, अंगावर घोंगडी किंवा गोधडी घेतली, तर निरोगी माणसाला खोली तापविण्याची गरज पडत नाही. या गावी हिवाळ्याचा खरा खर्च खोलीचा नसून अंघोळीच्या पाण्याचा आहे. एक बादली पाणी कढत करावयास सुमारे अर्धा युनिट वीज लागते, म्हणजे पाच माणसांच्या घरात रोज अडीच युनिटे. आणि वर्षाचे बहुतेक दिवस आकाश निरभ्र असलेल्या या प्रदेशात गच्चीवरील सौर बंब हे काम फुकट करतो. पाणी क्षारयुक्त असेल तर काचेच्या नळकांड्यांचा बंब घ्यावा, कारण तांब्याच्या बारीक नळ्या क्षाराने लवकर चोंदतात. ज्याने वातानुकूलन यंत्र घ्यावयाचे ठरविलेच आहे, त्याने गरम हवाही देणारे घ्यावे. साधा हीटर एका युनिटाची एकच युनिट ऊब देतो, तर हे यंत्र बाहेरच्या हवेतील उष्णता उचलून आणीत असल्याने तेवढ्याच विजेत सुमारे तिप्पट ऊब देते.

राहता राहिली बाळंतिणीची खोली, आणि तिच्याविषयी मी आग्रहाने लिहितो. दारे-खिडक्या लावून, फटींत चिंध्या कोंबून, आत कोळशाची शेगडी पेटती ठेवण्याची चाल अद्याप गेलेली नाही. अपुऱ्या हवेत जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड हा वायू सोडतो; त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील प्राणवायूची जागा तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने बळकावतो. आई आणि अर्भक झोपेतच गुदमरतात, आणि धूर दिसत नसल्याने घरच्यांना शंकाही येत नाही. आजीबाईंनी शेक द्यावयाचाच म्हटला तर शेगडी अंगणात पेटवावी, निखारे पुरते फुलू द्यावेत, शेकापुरतीच ती आत न्यावी, तेवढा वेळ दार आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी, आणि शेक होताच शेगडी पुन्हा बाहेर काढावी. रात्रभराच्या उबेसाठी तेलाने भरलेला बंदिस्त विजेचा हीटर आणावा, तो बाळाच्या पाळण्यापासून आणि पडद्यांपासून निदान दोन हात दूर, थेट भिंतीतील सोळा अँपिअरच्या सॉकेटला जोडावा, आणि त्याच्यावर लंगोट वाळत घालू नयेत.